डावा गुडघा सोडून

९ जानेवारी

खारू,

‘ताई, माझ्या ‘विसावा’ पद्धतीचा वर्ग तेवढा सोड, बाकी कुठलाही घे’, असं तू मला का सांगितलं होतंस ते काल संध्याकाळी कळलं.

हे फोनवर बोलता आलं असतं. पण फोनवर तू मधेच ‘अगं ऐक ना’ म्हणतेस आणि मी ऐकत बसते. इतकी वर्षं तसंच चाललंय. कागदावर तुला मधे तोंड घालता येणार नाही, म्हणून पत्र.

पहिल्यापासून सांगते. उन्हाळ्यापासून माझा उजवा खांदा धरला होता, ते तुला ठाऊक आहे. गणवेशांच्या कारखान्यात कापडाचे थर रचायचे, त्यावर वाकायचं आणि कटिंगचं मशीन फिरवायचं, दिवसभर तेच. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढले नि म्हणाले, हाडात काही नाही. तुम्ही श्वास धरून काम करता, आता कुणीतरी ओरडणार अशा बेतानं खांदे वर घेऊन उभ्या राहता. शरीर आणि डोकं दोन्ही एकदम कामाला लागेल असा एखादा वर्ग लावा. कुठला ते विचारलं, तर म्हणाले, दोनचार ठिकाणी एकेक दिवस जाऊन बघा, आत जाताना होतं त्यापेक्षा बाहेर पडताना ज्या वर्गात बरं वाटेल तो तुमचा. औषधाची चिठ्ठी मिळेल म्हणून गेले होते, हात हलवत परत आले.

मग तुला फोन केला. सख्खी बहीण याच धंद्यातली असताना मी परक्याला कशाला विचारू? तू म्हणालीस, तुझ्या शिष्यांचे वर्ग गावोगावी आहेत, पण घरच्यांना ती पद्धत लागू पडत नाही. डॉक्टर कसे घरच्यांवर शस्त्रक्रिया करत नाहीत, तसं. मला पटलं. तू सांगितलेलं मला नेहमीच पटतं.

कारखान्यातली काजं करणारी माझ्याबरोबर यायला तयार झाली. तिला कंबर आहे, म्हणजे दुखणारी. पहिल्या ठिकाणी काचेची खोली, भिंतभर आरसे आणि ढोल वाजल्यासारखं संगीत. शिकवणारी पोरगी आम्हाला सारखी ‘सोडून द्या, सोडून द्या’ म्हणत होती. काय सोडायचं ते सांगत नव्हती. आरशात मला माझा डावा खांदा उजव्याहून खाली दिसला आणि सबंध तास मी तोच सारखा करत बसले. दुसऱ्या ठिकाणी पट्टे आणि स्प्रिंगा लावलेली खाट होती. काजवाली त्यात अडकली नि तिला दोघांनी मिळून बाहेर काढलं. हसून हसून माझा खांदा त्या दिवशी खरंच मोकळा झाला, पण रोज तिला कुठे अडकवणार.

तिसरा वर्ग तिनेच शोधला. जिन्याजवळच्या पाटीवर तुझा फोटो. मी तुझं सांगणं विसरले नव्हते. तरी तो फोटो बघून मला अभिमान वाटला, खारू, हेही लिहून ठेवते. काजवालीला मुद्दाम सांगितलं नाही. म्हटलं, तास संपला की सांगू, ही माझी धाकटी बहीण, आणि तिचं तोंड बघू.

आम्हाला सतरंजीवर उताणं झोपवलं. डोळे मिटायला सांगितले. मग तुझ्या शिष्येनं मऊ आवाजात सुरू केलं, "अंगठा निजला. करंगळी निजली. टाच निजली, तिला पांघरूण घाला."

मी डोळे उघडले.

पुढचं मला तोंडपाठ होतं. पोटरी निजली, ती कूस बदलतेय, बदलू दे. उजवा गुडघा निजला. आणि मग ती डाव्या मांडीवर गेली. डावा गुडघा तिनं घेतलाच नाही. खोलीभर माणसं पडली होती आणि सगळ्यांचा डावा गुडघा सोडलेला. कुणीतरी शेवटी विचारलं, तर ती म्हणाली, तो मुद्दाम जागा ठेवायचा, तो आपला पहारेकरी, ही मॅडमची खास दृष्टी आहे.

खास दृष्टी! बाबांनी टेबल ढकललं आणि गरम इस्त्री तुझ्या डाव्या गुडघ्यावर आली होती. त्याचं नुसतं नाव काढलं तरी तू भोकाड पसरायचीस आणि बाहेर बाबांना ऐकू जायचं. म्हणून मी तो गाळायचे. तू पहिलीत होतीस, मी सहावीत. बाबा सकाळची पाळी संपवून दुपारी घरी आले की आतल्या खोलीचं दार लावून मी तुला फरशीवर आडवी करायचे आणि तुझं एकेक बोट झोपवायचे. हा खेळ मी रचला होता. तुझ्यासाठी.

मला वाटायचं, तू कुठून तरी मोठं काही शिकून आलीस. माझाच खेळ घेतलास, घे. मला त्याचं काय करायचं होतं? मागितला असतास तर हसत दिला असता. पण तास संपल्यावर तुझ्या शिष्येनं या पद्धतीची कथा सांगितली. मॅडमची मोठी बहीण लहानपणी फार भित्री. वडील कामावरून आले की लटलटा कापायची. मॅडम वयानं केवढ्याशा, पण त्यांनी तिला जमिनीवर झोपवून तिचा एकेक अवयव शांत केला. त्यातून विसावा जन्माला आला.

काजवालीच्या डोळ्यांत पाणी. जिना उतरताना म्हणाली, "काय धीराची पोर असेल नाही? एवढीशी, आणि मोठ्या बहिणीला सांभाळायची."

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते? घरी येऊन चहा ठेवला आणि दूध घालायचं विसरले.

तुझं उत्तर येऊ दे. मी रागावलेली नाही, फक्त कळून घ्यायचं आहे.

ताई

२३ जानेवारी

खारू,

पत्राला तू फोनवर उत्तर दिलंस. म्हणजे माझं पत्र तुला नीट पोचलं नाही असं समजते.

तू म्हणालीस ते सगळं मी ऐकलं. पहिल्याच वर्गात कुणीतरी विचारलं, हे सुचलं कसं, आणि तुझ्या तोंडून उलटं निघून गेलं. मग तेच पुढे गेलं, मासिकात छापून आलं, शिष्यांनी उचललं. तू म्हणालीस, "ताई, घाबरलेल्या बाईच्या हाती कोण स्वतःला सोपवेल? शिकवणारीला भीती असून चालत नाही." वर म्हणालीस, तुला काय फरक पडतो, तुला तिकडे कोण ओळखतं?

हे दुसरं बोललीस ते जास्त लागलं. मला कुणी ओळखत नाही, म्हणून माझ्या नावावर काहीही खपवावं?

केसानं गळा कापणं म्हणतात ते मी आजवर नुसतं ऐकलं होतं. त्यात कापणाऱ्याचा हात किती मऊ असतो ते आत्ता कळलं. दर वाढदिवसाला पार्सल पाठवतेस, आजारी पडले की रजा काढून येतेस, माझ्या उशाशी बसतेस. आणि तीच तू उठून परक्या माणसांपुढे माझी फजिती सांगतेस, तीही माझी नव्हे, तुझीच. तुझी भीती माझ्या गळ्यात मारून मोकळी झालीस.

आणखी एक सांगायचं होतं, गेल्या खेपेला हातचं राखलं. तो खेळ मी अजून खेळते. लग्न मोडल्यावर मी एकटी राहायला आले तेव्हा पहिले काही महिने त्याच्याच जोरावर काढले. स्वतःच स्वतःची टाच झोपवायची नि पांघरूण घालायचं. त्या वर्गातून आल्यापासून मला तो खेळता येत नाही. करंगळीपाशी आले की तुझ्या शिष्येचा मऊ आवाज सुरू होतो आणि पाठोपाठ ती भित्री बहीण येते.

तर माझं मागणं एकच आहे. पद्धत तुझी, शिष्य तुझे, फोटो तुझा. फक्त गोष्ट सुलट कर. मार्चमध्ये तुझा मोठा मेळावा आहे, सगळे शिष्य येतील. तिथे एकदा खरं सांग, की घाबरायची ती मी आणि झोपवायची ती ताई. तुला वाटतं तेवढं त्यानं काही कोसळणार नाही. उलट लोकांना तू जास्त जवळची वाटशील, असं मला तरी वाटतं.

वर्ग शोधायचं चालू आहे. काजवालीनं विसाव्यातच नाव घातलं. तिला फार गुण येतोय म्हणाली. मी तिला तू कोण ते सांगितलेलं नाही आणि आता सांगणारही नाही.

ताई

५ फेब्रुवारी

खारू,

काल तुझ्या लेकीचा फोन आला होता. तू तिला काय सांगितलंस मला माहीत नाही. पोरगी एवढंच म्हणाली, आई हल्ली रडते, मावशी, तू तिला काही बोललीस का. मी विषय बदलला. तिच्या परीक्षेचं विचारलं.

मग ती बोलता बोलता म्हणाली, "तू मेळाव्याला ये. एकटीनं प्रवास करायची भीती वाटत असेल तर मी घ्यायला येते."

मी घरातली मोठी. बाबांच्या आजारपणात दवाखान्याच्या खेपा मी केल्या, घटस्फोटाला कोर्टात एकटी उभी राहिले, कारखान्यात पन्नास थरांच्या कापडातून मशीन फिरवते. मला बसमधून यायची भीती वाटेल?

फोन ठेवल्यावर एकेक आठवायला लागलं. तुझ्याकडे आले की पोरगी मला लिफ्टमधून एकटी जाऊ देत नाही, ‘थांब मावशी, मी येते बरोबर’ म्हणत धावत येते आणि माझा हात धरते. मी झोपायला गेले की बाहेरचा दिवा चालू ठेवते. तुझा नवरा माझ्यासमोर कधी आवाज चढवत नाही, टीव्हीवर भांडण लागलं तर वाहिनी बदलतो. मी सगळ्यांना सांगत आले की माझ्या बहिणीच्या घरी माझं किती करतात. ते प्रेम नव्हतं असं नाही म्हणत. पण ते माझ्यावर नव्हतं. तू रचलेल्या त्या दुसऱ्या बाईवर होतं, आणि मी तिच्या नावचं जेवत होते.

म्हणजे हे नुसतं शिष्यांपुरतं नाही. घरातसुद्धा तू मला तोंडघशी पाडलं आहेस, आणि घर मला मेळाव्यापेक्षा मोठं आहे.

तुझी चिठ्ठी मिळाली. ‘ये, ताई. सांगते. सगळ्यांसमोर सांगते.’ एवढंच लिहिलं आहेस, पण तुझं अक्षर बघून बरं वाटलं. मी पुन्हा पुन्हा वाचली. येते. मला घ्यायला कुणालाही पाठवू नकोस.

ताई

९ मार्च

खारू,

मी सुखरूप घरी पोचले. एकटी.

तू फोन करतेयस ते दिसतं. उचलणार नाही. आधी हे लिहून होऊ दे.

मेळाव्याला येताना मी नवा कुर्ता शिवला होता, स्वतः कापून. म्हटलं, सगळे आपल्याकडे बघतील, बरं दिसावं. इतकी खात्री होती मला. तू पहिल्या रांगेत माझ्यासाठी खुर्ची ठेवली होतीस, शेजारी तुझी लेक. हॉलमध्ये सतरंज्याच सतरंज्या, त्यावर माणसं, आणि वर तू, पांढऱ्या कपड्यांत, समोर माईक. तू फार छान दिसत होतीस. मला कळत नाही की तुझ्यावर एवढी चिडलेली असताना मला हे कसं दिसतं.

तू बोलायला लागलीस. श्वासाबद्दल बोललीस, प्रत्येकानं आपल्याला मानवेल तोच वर्ग घ्यावा, दुसऱ्याचं बघून घेऊ नये, असं बोललीस. मला ते पटलं. मग म्हणालीस, "आज एक गोष्ट सांगायची आहे, जी मी आजवर नीट सांगितली नाही." मी खुर्चीत पुढे सरकले. तू माझ्याकडे बघितलंस.

आणि तुझा खालचा ओठ हलला, लहानपणी भोकाड पसरायच्या आधी हलायचा तसा.

ते मला एकटीला दिसलं असेल. मागच्यांना कळलंही नसेल. तू माईक दोन्ही हातांनी धरलास आणि मग हसलीस. तयार ठेवलेलं हसू. म्हणालीस, "जिच्यासाठी विसावा सुरू झाला, ती माझी ताई आज इथे आहे. लहानपणी जी दारामागे कापत बसायची, ती आज एकटी प्रवास करून आली आहे. यापेक्षा मोठा पुरावा मी काय देऊ?"

टाळ्या पडल्या. लोक मान वळवून मला शोधायला लागले. मागची एक बाई खांद्यावर हात ठेवून म्हणाली, शाब्बास हं. तोच खांदा, दुखणारा.

आता तू विचारशील, मी उठले का नाही, बोलले का नाही. उठले ना. उठून उभी राहिले, सगळ्यांकडे बघून हसले आणि खाली बसले. तुझा तो ओठ बघितल्यावर माझ्याच्यानं दुसरं काही झालंच नाही. मी तोंड उघडलं असतं तर तू तिथं, सगळ्यांसमोर, पहिलीतली झाली असतीस. मी तुला वाचवलं. तुला ते ठाऊक होतं. मी वाचवणार हे गृहीत धरूनच तू बोललीस, आणि मला सगळ्यात जास्त तेच खुपतं. चिठ्ठी लिहितानाच तुझं ठरलं होतं की माईकपुढे फिरलं, हे आता मी विचारत नाही.

नंतर मला सोडायला तुझी लेक खाली आली. लिफ्टमध्ये तिनं माझा हात धरला. मी तो सोडवून घेतला आणि सांगितलं. सरळ सांगितलं, चिडून नाही. घाबरायची ती तुझी आई, झोपवायची ती मी, आणि इस्त्री पडली ती तिच्या पायावर, विचार तिला. मला वाटलं, पोरगी दचकेल, रागावेल, निदान विचारात पडेल.

तिनं माझा हात पुन्हा धरला. म्हणाली, "असू दे गं, मावशी. इतक्या घाबरलेल्या माणसाला नीट आठवत नाही. आई सांगते ना वर्गात."

किती मायेनं म्हणाली. मी पुढे जे काही बोलेन ते त्या भित्र्या बाईचंच बोलणं ठरणार. खोटं बोललीस ते बोललीस, पण मी खरं सांगायची वाटही तू बंद करून ठेवलीस. तू मुद्दाम केलं नसशील. तरी बंद झाली ती झालीच.

आल्यावर मी वर्ग ठरवला. नगरपालिकेच्या बागेत सकाळी ताय ची शिकवतात. शिकवणारे गृहस्थ टपाल खात्यातून निवृत्त झालेले, बोलायचं नाव नाही. हळूहळू हात उचलायचा, हळूहळू वळायचं, आणि डोळे उघडे ठेवायचे. मी विचारलं, याच्यामागे काही कथा आहे का, तर म्हणाले, असेल, मला माहीत नाही, पाय थोडा पुढे घ्या. मी त्याच दिवशी नाव घातलं. बाहेर पडताना आत जातानापेक्षा बरं वाटलं, डॉक्टर म्हणाले होते तसं. खांदा अजून दुखतो, पण हात डोक्यापर्यंत जातो.

आता शेवटचं, जे मी कुणालाच सांगितलेलं नाही, आणि तुलाही सांगणार नव्हते.

तुझं एक एक बोट झोपवताना मी दाराला पाठ लावून बसायचे, आठवतं? तुला वाटायचं मी दार धरून बसलेय, कुणाला आत येऊ देणार नाही. माझे पाय थरथरायचे म्हणून मी टेकायचे. आवाज फुटू नये म्हणून हळू बोलायचे. तो मऊ आवाज, जो आता तुझ्या सगळ्या शिष्या काढतात, तो असा आला. उसनं अवसान होतं सगळं. मीही तेवढीच घाबरलेली होते, खारू, आणि तुला कळू नये एवढ्याचसाठी मी तो सबंध खेळ रचला होता.

तर तू अगदीच खोटं बोलली नाहीस. मी कापायचे, हे खरं आहे. ते तुला तेव्हाच कळलं होतं का? कळलं असेल तर तू माझं अर्धं खरं घेतलंस आणि स्वतःचं अर्धं लपवलंस. कळलं नसेल तर तुझा बाण उगाच जाऊन नेमका लागला. यातलं काय ते मी विचारायला येणार नाही. यंदा येणार नाही, पुढेही बहुधा नाही. तुझ्या लेकीला सांग, मावशी बरी आहे.

‘आम्ही दोघी घाबरायचो’, एवढंच म्हणायचं होतंस. त्यात तुझं काही गेलं नसतं, माझंही नाही. मी पहिल्या रांगेत उभी राहून सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या असत्या.

ताई